बसंतरचा रणगाडा आणि माळव्याची काळी माती

प्रश्न : निवृत्तीनंतर नातवाच्या संगतीने मी सेंच्युरियन रणगाड्याचे १:३५ प्रमाणातील प्लास्टिकचे मॉडेल जोडले. १९७१ च्या भारत-पाक युद्धातील बसंतरच्या लढाईतला पूना हॉर्स या रेजिमेंटचा रणगाडा दाखवावा, अशी आम्हा दोघांची इच्छा होती. जुलैत मॅट (बिनचमकीचे) वार्निश मारले, ते जागोजागी पांढुरके पडले. त्याआधी टर्पेंटाइनमध्ये ऑइल रंग पातळ करून वॉश दिला, तेव्हा चाकांचे दोन दांडे तुटले होते. शेवटी शेतातली काळी माती कुटून, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून खालच्या भागाला लावली, तर मॉडेल कोळशाच्या वखारीतून आणल्यासारखे दिसू लागले. नेमके कुठे चुकले? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : आपण निवडलेला रणगाडा मोलाचा आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ रोजी पूना हॉर्सच्या ज्या 'फॅमागुस्ता' नावाच्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले, त्याच जातीचा हा रणगाडा असल्यामुळे त्यावरील माती ही लढाई जिथे झाली त्या पाकिस्तानातील शकरगड भागातली दिसली पाहिजे, इंदूरची नव्हे. माळव्याची काळी माती बेसॉल्ट खडक झिजून तयार झालेली आहे, तर शकरगडचा प्रदेश पंजाबच्या नद्यांनी वाहून आणलेल्या गाळाचा असल्याने तिथली धूळ फिकट, करड्या छटेची तपकिरी असते. हिरव्या रंगावर ती उठून दिसते. काळी माती मात्र हिरव्याला गिळून टाकते.

दुसरा मुद्दा प्रमाणाचा. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले साडेतीन सेंटिमीटर. आपण कुटलेल्या मातीत अर्ध्या मिलिमीटरचे कण उरले असतील, तर ते तिथे पावणेदोन सेंटिमीटरचे खडे झाले, आणि संपूर्ण रणगाड्याला खड्यांचा गिलावा केल्यासारखे झाले. हाच हिशेब रंगाच्या टवक्यांनाही लागू पडतो. हौशी माणसे ब्रशच्या टोकाने जे 'छोटे' टवके काढतात, त्यांतले निम्मे प्रत्यक्षात तळहाताएवढे ठरतात. मला तर एकूणच टवके आणि तांबेरा कमी असावा, असे वाटते. चालू लढाईतला रणगाडा गंजून गेलेला नसतो, धुळीने माखलेला असतो.

लावलेली माती काढण्यासाठी तो भाग कोमट पाण्याने भिजवावा. फेव्हिकॉल मऊ पडल्यावर जुन्या टूथब्रशने माती हळूहळू सुटेल. त्यानंतर फिकट तपकिरी आणि करड्या रंगाचे कोरडे पेस्टल खडू सँडपेपरवर घासून बारीक भुकटी करावी आणि मलमलच्या फडक्यातून गाळून घ्यावी. मिनरल टर्पेंटाइनच्या एखाददुसऱ्या थेंबात ती कालवून चाकांच्या कडांना, सस्पेन्शनच्या खोबणीत आणि बाजूच्या पत्र्यांच्या खालच्या किनारीला टेकवावी. ओली असताना ती गडद दिसते आणि वाळल्यावर फिकी पडते, त्यामुळे दुसरा हात देण्याआधी रात्रभर थांबावे. घाई केल्यानेच थर जाड होतो. खालच्या चिखलाची छटा थोडी गडद ठेवावी आणि वर जावे तसतशी धूळ विरळ करावी. चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्यांच्या ज्या कडा जमिनीला घासतात, त्यांवर मऊ शिसपेन्सिल फिरवली, तर पोलादाची चमक येते.

दांडे तुटण्याचे कारण बहुधा वॉशच आहे, मात्र दोष रंगाचा नाही. किटमधले मऊ पट्टे ताणून बसवले, की चाकांच्या दांड्यांवर सतत ओढ राहते. अशा ताणलेल्या पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे किटच्या प्लास्टिकच्या, सांध्यात टर्पेंटाइन साचले, की प्लास्टिकला बारीक भेगा पडतात आणि दांडा अचानक तुटतो. वॉश ब्रशने रेषेपुरताच द्यावा, खोबणीत साचलेला लगेच टिपून घ्यावा, आणि शक्य असेल तर पट्टे शेवटी, सैल बसवावेत. तुटलेल्या दांड्यात अर्ध्या मिलिमीटरचे भोक पाडून तांब्याच्या तारेचा तुकडा सुपरग्लूने बसवावा. नुसत्या गोंदावर तो पुन्हा तुटेल.

राहता राहिले वार्निश. लॅकर जातीच्या वार्निशातला थिनर झपाट्याने उडतो, त्यामुळे पृष्ठभाग थंड होतो आणि पावसाळी हवेतली वाफ त्यावर जमून थरात अडकते. पांढुरकेपणा बहुधा त्याचाच असतो. पाऊस उघडल्यावर कोरड्या दुपारी, जुन्या थरावर त्याच जातीच्या ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा हलका फवारा मारून पाहावा. पांढरेपणा गेल्यास मॅटचा थर पुन्हा द्यावा. न गेल्यास बाटली नीट न हलवल्याने मॅट करणारी पूड एकीकडे जमा झाली असण्याचा संभव आहे, आणि मग तेवढा भाग पुन्हा रंगवणे भाग पडेल. रंग, ग्लॉस, वॉश, मॅट आणि सर्वांत शेवटी भुकटी, असा क्रम ठेवावा. भुकटीवर वार्निश मारू नये, कारण ती जवळजवळ दिसेनाशी होते.

नातवाला सुट्टीत अहिल्यानगरला नेता आले, तर तिथले १९९४ मध्ये सुरू झालेले कॅव्हलरी टँक म्युझियम अवश्य दाखवावे. फक्त तिथले रणगाडे निगा राखून रंगवलेले असतात. त्यांच्याकडून घडण, जोड आणि बोल्ट शिकावेत, धूळ नव्हे.