प्रश्न तुमचे : सिम्युलेशनमधला डायोड आणि वहीतला डायोड

प्रश्न : पी-एन जंक्शनचं (डायोडमधल्या पी आणि एन प्रकारच्या अर्धवाहकांच्या सांध्याचं) सिम्युलेशन विद्यार्थी आवडीने हाताळतात, पण नंतर वहीत डिप्लीशन थर (सांध्यालगतचा, फिरते भार जवळजवळ नसलेला पट्टा) दोन्ही बाजूंना सारखाच रुंद काढतात. कुठे चुकतं?

उत्तर : स्लायडर हलण्याआधी त्यांचा अंदाज कागदावर उतरलेला नसतो, तिथे. हलणारं चित्र बघताना सगळंच पटतं. म्हणून सुरुवातीला सिलिकॉनमध्ये दोन्हीकडचं डोपिंग (मुद्दाम मिसळलेल्या परक्या अणूंचं प्रमाण) दर घन सेंटिमीटरला १० चा १६वा घात इतकं ठेवा. खोलीच्या तापमानाला, बाहेरून व्होल्टेज न देता, थर साधारण ०.४३ मायक्रोमीटर भरतो. निम्मा इकडे, निम्मा तिकडे. आता पडदा झाकून विचारा : एन-बाजूचं डोपिंग दहापट केलं, तर थर रुंदावेल की आक्रसेल? जास्त कुठे पसरेल? प्रत्येकाने आकृती काढली की मगच स्लायडर हलवा. रुंदी ०.३३ मायक्रोमीटरच्या आसपास येते आणि तिच्या ११ भागांपैकी १० पी-बाजूला जातात. थरात दोन्हीकडच्या आयनांचा (जागेवर खिळलेल्या भारित अणूंचा) एकूण भार सारखा असावा लागतो. जिथे डोपिंग विरळ, तिथे तेवढा भार भरायला जास्त जागा लागते. हे कारण विद्यार्थ्यांच्या तोंडून येईपर्यंत थांबा, घाई करू नका. आणि तापमानाचा स्लायडर त्याच तासाला नकोच : दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने काय झालं ते कळत नाही.

प्रश्न : ‘एन-प्रकारात इलेक्ट्रॉन जास्त, म्हणजे तो ऋणभारित’ हा समज सिम्युलेशननंतर उलट पक्का होतो. असं का?

उत्तर : चित्रात फक्त फिरते इलेक्ट्रॉन दिसत असतील, तर तसंच होणार. जागेवर खिळलेले धन आयन दाखवण्याची सोय असेल तर ती सुरू करा, नसेल तर फळ्यावर काढा, आणि दोन्ही भार मोजायला लावा. बेरीज शून्य येते. ठिपक्यांचं प्रमाणही फसवं असतं, ते स्पष्ट सांगा. पडद्यावर वीसेक अणूंत एक फॉस्फरस (एन-प्रकारासाठी मिसळलेला अणू) दिसतो. वर दिलेल्या डोपिंगला मात्र सुमारे ५० लाख सिलिकॉन अणूंमागे तो एकच असतो.

प्रश्न : आलेखात जंक्शनवर ०.७ व्होल्ट दिसतात. मग सुट्या डायोडला व्होल्टमीटर लावल्यावर शून्य का?

उत्तर : धातूच्या जोडांपाशीही विभवांतर असतं. समतोलात सगळ्यांची बेरीज शून्य होते, आणि मीटर ती बेरीजच वाचतो. मात्र डायोड अंधारात ठेवून मोजा. काचेच्या डायोडवर उजेड पडला तर थोडं व्होल्टेज दिसू शकतं.