‘कोसळलं’ की ‘उतरवलं’?

प्रश्न असा आहे : इंजिन बंद पडलेलं छोटं खासगी विमान वैमानिकाने शेतात किंवा मैदानात आणलं, तर ‘विमान कोसळलं’ म्हणणं बरोबर का? आणि ‘इमर्जन्सी लँडिंग’ मराठीत कसं सांगावं?

दरड कोसळते, भिंत कोसळते. तिथे आवरणारं कुणी नसतं. इंजिन गेलं की विमान दगडासारखं खाली येतं, ही समजूत या क्रियापदाच्या मागोमाग येते. खरं तर सेसना १७२ सारखं छोटं विमान असेल आणि साधारण ६५ नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे १२० किलोमीटरचा वेग धरून ठेवला, तर हजार फूट उंची संपेपर्यंत दीड सागरी मैल, म्हणजे जवळजवळ पावणेतीन किलोमीटर तरंगत जातं. तेवढ्यात वैमानिकाला मोकळी जागा हेरायची असते, वारा बघायचा असतो, जमल्यास रेडिओवर ‘मेडे’ हा संकटाचा इशारा पुकारायचा असतो.

५ मार्च २०१५ ला अभिनेता हॅरिसन फोर्ड कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकाहून आपलं जुनं रायन पीटी-२२ विमान घेऊन उडाला आणि लगेचच इंजिनाने दगा दिला. इंजिनाला इंधन पुरवणाऱ्या कार्ब्युरेटरमधला मुख्य जेट, म्हणजे इंधन सोडणारी बारीक तोटी, जागचा सुटला होता, असं तपासात निघालं. धावपट्टी गाठता येईना, तेव्हा त्याने जवळचं गोल्फ मैदान धरलं. विमान झाडाच्या शेंड्याला लागून आदळलं. त्याला चांगलाच मार बसला, पण जीव वाचला. मी लिहीन : ‘फोर्डने विमान मैदानावर उतरवलं, उतरताना ते आदळलं.’ ‘उतरवलं’ म्हटलं की उतरवणारा वाक्यात येतोच. ‘कोसळलं’मध्ये त्याला जागाच नाही.

मात्र कमी उंचीवरून धावपट्टीकडे मागे वळण्याच्या नादात वेग घटला, पंखांची उचल संपली आणि ताबा सुटला, तर ते कोसळणंच. तिथे उगाच सौम्य शब्द नको.

‘आपत्कालीन लँडिंग’ रूढ आहे, चालू द्या. पण ते फार ऐसपैस आहे : प्रवाशाची तब्येत बिघडली म्हणून दोन्ही इंजिनं ठणठणीत असताना उतरलेलं विमानही त्यातच येतं. इंजिन बंद पडून दुसरा इलाजच उरला नाही, तिथे काही जण ‘सक्तीचं लँडिंग’ लिहितात. मला ते खटकतं, कारण सक्ती कुणीतरी कुणावर करतं. मे २०२१ मध्ये बेलारूसने एक प्रवासी विमान मिन्स्कला वळवायला लावलं, तिथे ‘सक्तीने उतरवलं’ शोभतं. बंद इंजिनासाठी ‘नाइलाजाने उतरवलं’ पुरे, आणि पाण्यावर टेकवलं असेल तर सरळ ‘पाण्यावर उतरवलं’.