युवा कार्य, युवककार्य की युवकार्य?

प्रश्न असा आला आहे. एका संस्थेसाठी युरोपातल्या युवा धोरणांवरचा मजकूर मराठीत आणताना 'यूथ वर्क', म्हणजे तरुणांबरोबर चालणारं सामाजिक-शैक्षणिक काम, या शब्दापाशी गाडी अडली. प्रश्नकर्तीने शीर्षक केलं : 'आंतरराष्ट्रीय धोरण सहकार्यातून युवा कार्याचे बळकटीकरण'. ते आईला वाचून दाखवलं, तर आई म्हणाली, "म्हणजे पोरांना नोकऱ्या देणार का?" शिवाय 'यूथ वर्कर'ला 'युवा कार्यकर्ता' म्हटलेलं चालेल का, असा उपप्रश्न आहे.

उपप्रश्न आधी, कारण तो सोपा आहे. नाही चालणार. चौकातला फ्लेक्स डोळ्यांपुढे आणा : वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, गॉगल लावलेले आठ-दहा गोल फोटो आणि खाली 'शुभेच्छुक : सर्व युवा कार्यकर्ते'. मराठीत युवा कार्यकर्ता स्वतः वयाने तरुण असतो, आणि पक्षाचा नाहीतर मंडळाचा असतो. फिनलंडमधल्या एखाद्या नगरपालिकेच्या युवागृहात रोज संध्याकाळी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांबरोबर बसणारी, त्यांच्याशी पत्ते खेळता खेळता घरची भांडणं ऐकून घेणारी पन्नाशीची बाई या शब्दात मावत नाही. ती पगारी आहे, प्रशिक्षित आहे आणि तरुण तर मुळीच नाही.

आता मूळ शब्द. 'यूथ वर्क'मध्ये दोन नामं नुसती शेजारी ठेवली आहेत. तरुणांनी केलेलं काम, तरुणांसाठीचं की तरुणांबरोबरचं, हे शब्द सांगत नाही. तुमच्या आईंनी पहिला अर्थ घेतला, म्हणजे त्यांचं चुकलं असं नाही. युरोप परिषदेच्या मंत्री समितीने 31 मे 2017 रोजी यूथ वर्कवर सदस्य देशांना शिफारस केली. तिच्या व्याख्येत हे सामाजिक, सांस्कृतिक, शैक्षणिक, पर्यावरणविषयक किंवा राजकीय काम 'तरुणांनी, तरुणांबरोबर आणि तरुणांसाठी' केलेलं आहे. तिन्ही अर्थ मुद्दाम ठेवले आहेत. (युरोप परिषद आणि युरोपीय संघ या दोन वेगळ्या संस्था आहेत. अनुवादात त्यांची सरमिसळ फार दिसते, म्हणून जाता जाता सांगून ठेवतो.)

युरोपातही या शब्दाने घोळ घातलेला आहेच. जर्मन 'युगेंटआर्बाइट' आणि फिनिश 'नुओरिसोत्यो' हे इंग्रजीसारखेच जोडशब्द. पोलिश माणूस मात्र 'प्रात्सा झ म्वोजेझों' म्हणतो, म्हणजे सरळ 'तरुणांबरोबर काम'. फ्रेंचांची वाट आणखी निराळी : त्यांच्याकडे हे काम करणारा 'आनिमातर', गटात जीव ओतणारा. याची मजेदार खूण युरोपीय संघाच्या करारातच सापडते. संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराच्या 165व्या कलमात युवकांच्या आणि 'सामाजिक-शैक्षणिक प्रशिक्षकां'च्या देवाणघेवाणीला उत्तेजन द्यावं असं म्हटलं आहे. इंग्रजी मसुद्यातला हा अवघडलेला शब्दप्रयोग म्हणजे फ्रेंच 'आनिमातर सोसिओ-एद्युकातीफ'ची सावली. प्रत्यक्ष करारातच ही तारांबळ असेल, तर तुम्ही एका शीर्षकावर अडलात यात नवल नाही.

मराठीपुरतं माझं मत 'युवकार्य' या शब्दाला आहे. जोडून, आणि 'वा'ला काना न देता. मूळ शब्द युवन्. समासात पूर्वपद झाला की त्याचा न् जातो आणि 'युव' उरतो, म्हणून आपण युवराज म्हणतो, युवाराज नाही. राजन् पासून राजकार्य, आत्मन् पासून आत्मचरित्र, तसंच हे. 'युवा' हे प्रथमेचं एकवचन. 'युवा महोत्सव'सारखं सुटं विशेषण म्हणून ते आता इतकं रुळलंय की त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. पण सुटं ठेवलं की 'तरुण असलेलं कार्य' असा विशेषणाचा वास येतो. 'युवककार्य'मध्ये दोन क एकमेकांवर आपटतात, शिवाय युवती बाहेर राहतात. 'युव'ला हा त्रास नाही.

आणखी एक फायदा असा की समास सोडवताना विभक्ती आपण घालायची असते. युवांनी केलेलं, युवांसह केलेलं, युवांसाठी केलेलं : 'युवकार्य'चा विग्रह तिन्ही प्रकारे होतो. 2017च्या व्याख्येला नेमकं हेच हवं आहे. 'युवककल्याण', 'युवक विकास' यांत तरुण नुसते घेणारे ठरतात, देणारा दुसराच कोणी.

शब्द नवा वाटेल, हे मान्य. पण 'समाजकार्य'ही आपल्याकडे असंच रुजलं. 1936 साली मुंबईत या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली. आज समाजकार्य महाविद्यालयांच्या पाट्या सर्वत्र दिसतात, आणि समाजकार्य शिकलेला माणूस 'समाजसेवक' म्हटल्यावर थोडा नाराज होतो. समाजकार्याची पदवी मिळते, समाजसेवेचा सत्कार होतो. 'युवकार्य' आणि 'युवक सेवा' यांच्यात तेवढंच अंतर ठेवता येईल. मग यूथ वर्कर कोण? समाजकार्यकर्ता चालतो तसा 'युवकार्यकर्ता' म्हणता येईल, पण फ्लेक्सची आठवण पुसायला वेळ लागेल. तोवर मी 'युवकार्य करणारे' असं लांबलचकच लिहीन.

शीर्षकातल्या उरलेल्या शब्दांपैकी 'सहकार्य' बरोबर आहे, ते बदलू नका. पुष्कळजण इथे 'सामाईक धोरण' लिहितात आणि अर्थ बिघडवतात. त्याच 165व्या कलमाने सदस्य देशांचे कायदे एकसारखे करणं स्पष्टपणे वगळलं आहे. त्यामुळे युवा क्षेत्रात ब्रसेल्स, म्हणजे युरोपीय संघ, हुकूम सोडू शकत नाही. ठराव करायचे, पैसा पुरवायचा, एकमेकांचं पाहून शिकायचं, एवढंच. 2010 साली गेंटला, 2015 साली ब्रसेल्सला युवकार्याची युरोपीय अधिवेशनं झाली. 2020चं बॉनचं अधिवेशन करोनामुळे पडद्यावर भरलं, आणि पुढच्या अंमलबजावणीला 'बॉन प्रक्रिया' हे नाव पडलं. हे सगळं सहकार्यच. 2020च्याच डिसेंबरात युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने युवकार्याच्या 'अजेंडा'ची चौकट ठरवली. तिथे कृपया 'अजेंडा' तसाच ठेवू नका. मराठीत अजेंडा म्हटलं की छुपाच असतो. 'कार्यक्रम' पुरे.

2017च्या शिफारशीतला एक खड्डा मात्र सांभाळा. व्याख्येत तरुणांचा सहभाग 'व्हॉलंटरी' आहे आणि काम करणारे पगारी किंवा 'व्हॉलंटिअर' आहेत. दोन्हीकडे 'स्वयंसेवी' लिहिलंत, तर क्लबात कॅरम खेळायला आलेला मुलगा स्वयंसेवक होऊन बसेल. त्याचा सहभाग 'आपखुशीचा'. स्वयंसेवक तो, जो पगार न घेता क्लब चालवतो.

'बळकटीकरण' मला सरकारी पुलाखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. माझ्याकडून शीर्षक असं : 'युवकार्याला बळ : युरोपीय देशांचं धोरणांतलं सहकार्य'. आणि पहिल्याच वाक्यात 'युवकार्य म्हणजे तरुणांनी, तरुणांबरोबर, तरुणांसाठी केलेलं काम' एवढं उलगडून टाका. आईंना पुन्हा वाचून दाखवा. या वेळी नोकऱ्यांचं विचारलं नाही, तर छापायला द्या.