लग्न झालेला, नोकरी करणारा कॅथलिक माणूस धर्मसेवेत येऊ शकतो का? घराचं काय?

येऊ शकतो, पण फादर म्हणून नाही. कायमस्वरूपी डीकन, म्हणजे फादरच्या खालच्या पायरीचा दीक्षित धर्मसेवक म्हणून. (पौर्वात्य रीतीच्या काही चर्चेसची गोष्ट वेगळी.) दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या कॅथलिक बिशपांची सभा), 1967 साली पोप सहावे पॉल यांनी ही सोय पुन्हा सुरू केली. मुंबई महाधर्मप्रांतात असे संसारी डीकन आहेत.

डीकन बाप्तिस्मा देतो, लग्न लावतो, अंत्यविधी करतो, प्रवचनही देतो. मिस्सा (मुख्य उपासना) अर्पण करणं आणि कुमसार (पापांची कबुली) ऐकणं मात्र फादरचंच काम.

अटी: वय किमान 35, निदान तीन वर्षांचं प्रशिक्षण आणि बायकोची संमती. ही शेवटची अट मला सगळ्यात शहाणपणाची वाटते. कारण रविवार, नाताळ, पवित्र सप्ताह, म्हणजे घरच्यांना तुम्ही हवे असता नेमके तेव्हाच तुम्ही वेदीपाशी असणार. शिवाय दीक्षेनंतर पत्नी वारली तर सहसा पुन्हा लग्न करता येत नाही, हे दोघांनी आधीच बोलून घ्यावं. मुलं लहान असतील तर मी म्हणेन, थोडं थांबा. तोवर चर्चमध्ये बायबलमधले उतारे वाचणारा वाचक व्हा, आजाऱ्यांना भेटा, घरी संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) चुकवू नका. मग आपल्या पॅरिशच्या फादरांशी बोला. बायकोलाही सोबत न्या.