वाचकांचे प्रश्न : दृष्टिहीन खेळाडू आणि कॅसिनो

प्रश्न : मला अजिबात दिसत नाही. घरी ब्रेल पत्त्यांवर मी नियमित खेळतो. कॅसिनोत हे पत्ते चालतील का, आणि दुसऱ्यावर फारसे विसंबून न राहता कोणता खेळ खेळता येईल?

उत्तर : स्वतःचे पत्ते चालणार नाहीत. ज्या पानावर बोटांना ठिपके लागतात, ते वाटणाऱ्यालाही न पाहता ओळखता येते, त्यामुळे असे पान कॅसिनोच्या दृष्टीने खूण केलेलेच ठरते. तरीही ब्लॅकजॅकमध्ये, म्हणजे पानांची बेरीज एकवीसच्या पुढे न जाऊ देता डीलरपेक्षा (पाने वाटणाऱ्यापेक्षा) जास्त करण्याच्या खेळात, तुमची फारशी अडचण होऊ नये. सहा किंवा आठ कॅट एकत्र पिसून खेळल्या जाणाऱ्या टेबलावर खेळाडूंची पाने उघडीच मांडतात आणि त्यांना हात लावायचा नसतो, म्हणून डीलरने तुमची पाने आणि स्वतःचे उघडे पान मोठ्याने सांगितले, की भागते. मात्र पान हवे असल्यास टेबलावर बोट टेकवणे आणि नको असल्यास तळहात आडवा फिरवणे, या खुणा तुम्हालाही कराव्या लागतील, कारण वाद झाल्यास कॅमेऱ्यातील चित्रण पाहिले जाते.

खरी गोम पानांत नाही, टेबलावरच्या छापील मजकुरात आहे. एक्का आणि दहाच्या किमतीचे पान एकदमच आले, तर शंभराच्या डावावर काही टेबलांवर दीडशे मिळतात, तर काहींवर एकशेवीसच. हे कापडावर लिहिलेले असते आणि न विचारता कोणी सांगेलच असे नाही. रूलेटमध्येही, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैज लावण्याच्या खेळात, चाकावर एक शून्य आहे की दोन, हे आधी विचारावे. पहिल्यात कॅसिनोचा सरासरी वाटा २.७ टक्के असतो, दुसऱ्यात ५.२६. चिप्सचा, म्हणजे पैशांऐवजी वापरायच्या चकत्यांचा, आकार बहुधा सारखाच आणि फरक रंगाचा, म्हणून किमतीनुसार वेगळे ढीग ठेवावेत आणि डीलरकडून ते मोजून घ्यावेत.

पोकरमध्ये हातातली पाने कोणीतरी कानात सांगावी लागतात, आणि आपली पाने प्रत्येकाने दुसऱ्याच्या सल्ल्याविना एकट्यानेच खेळायची हा नियम असल्याने मदतनिसाची परवानगी आधीच घ्यावी. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्यानुसार कॅसिनो हे सार्वजनिक ठिकाण मानले जाते. म्हणून तिथे मार्गदर्शक श्वानालाही प्रवेश असतो. स्लॉट मशीनच्या (पैसे भरून बटण दाबले की चित्रे फिरणाऱ्या जुगारी यंत्राच्या) वाटेला मी तरी जाऊ नका असेच सांगेन : निकाल यादृच्छिक असल्याने डोळसालाही तिथे कौशल्य दाखवता येत नाही, पण शिल्लक किती उरली हे त्याला निदान दिसते, आणि बहुतेक मशीन ती बोलून दाखवत नाहीत.