जप की जाप? आणि हे 'चँटिंग' कशाला?

प्रश्न असा आलाय की योगवर्गात सर रोज "आता ओमचा जाप करूया" म्हणतात आणि ग्रुपवर "सकाळी ६ वाजता मंत्र चँटिंग" असा मेसेज पडतो, तर जप बरोबर की जाप, आणि योगात त्याचं काम काय.

जप. मराठीत जपच. जाप हिंदी प्रवचनांतून आणि सिरियलींतून आलाय, आणि हल्ली चांगली शिकलेली मराठी माणसंही "जाप" म्हणतात तेव्हा मला खरंच राग येतो, कारण या एका अक्षरासाठी पाणिनीनं चक्क सूत्र केलंय. व्यधजपोरनुपसर्गे, ३.३.६१. म्हणजे जप् धातूच्या आधी उपसर्ग नसेल तर नाम होतं 'जप', उपसर्ग लागला तर 'जाप'. संस्कृत ग्रंथांत सुटा जाप कुठे सापडतो हे मला माहितीय, कुणी दाखवायला येऊ नका, मराठीनं घेतला तो जपच. (जपजाप्य आहे आपल्याकडे, पण त्यातलं जाप्य वेगळं.)

आता उपसर्गवाला शब्द कुठला, तर उपजाप, आणि तो माझा फार लाडका आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उपजाप म्हणजे शत्रूच्या माणसांच्या कानाला लागून त्यांना फितवणं. कानाला लागून! एकाच धातूतून देवाचं नाव घेणंही निघालं आणि फितुरीही, आणि दोन्हींत सारखं काय, तर कुजबुज. आपला कानमंत्र आठवा, तो गुरूही देतो आणि निवडणुकीत पक्षाचे नेतेही देतात. मंत्राच्या घरातही तीच कुजबुज, धातुपाठात (म्हणजे संस्कृत धातूंच्या यादीत) 'मत्रि गुप्तपरिभाषणे' आहे, गुपचूप बोलणं, मंत्रणा आणि मंत्री त्याच अर्थाचे.

इथे "मननात् त्रायते इति मन्त्रः", मनन केल्यानं तारतो तो मंत्र, असं सांगणारे येतातच. श्रद्धेला ठीक आहे, व्युत्पत्ती म्हणून साफ चूक. यास्कानं निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या त्याच्या जुन्या ग्रंथात, दोन शब्दांत संपवलंय, मन्त्रा मननात्. पुढचा 'त्र' हा साधनाचा प्रत्यय, पात्र म्हणजे प्यायचं साधन, शस्त्र कापायचं, तसा मंत्र मनन करायचं. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही हाच शब्द मांथ्र म्हणून आहे, तिथेही तारणं वगैरे काही नाही.

दुसरा आक्षेप येतो तो म्हणजे धातुपाठात 'जप व्यक्तायां वाचि' लिहिलंय, मग कुजबुज कशी? अहो, व्यक्त म्हणजे अक्षर स्पष्ट, मोठ्यानं नव्हे, आणि लगेच पुढे 'जप मानसे च' आहे ते का वाचत नाही? मनुस्मृती तर हिशोबच देते, साध्या विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दहापट, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु शंभरपट, मनातला हजारपट. जितका आवाज कमी तितकं मोल जास्त. आणि चँट हा मूळ लॅटिनमधल्या गाण्याच्या शब्दातून आलेला, म्हणजे जपाला आपण नेमका त्याच्या उलट्या टोकाचा शब्द चिकटवला.

योगसूत्रांत पतंजली प्रणव, म्हणजे ओम, सांगून लगेच म्हणतो, तज्जपस्तदर्थभावनम् (१.२८), त्याचा जप आणि त्याच्या अर्थाची भावना. दोन्ही एकत्र, नुसता ध्वनी नाही. स्वाध्याय म्हणजे काय हे सांगताना व्यासभाष्य, म्हणजे योगसूत्रांवरची जुनी टीका, प्रणवाचा जप पहिला धरतं. घेरंडसंहिता या हठयोगाच्या ग्रंथात तर श्वासच जप करतो, दिवसाला २१,६०० वेळा, भागाकार करून बघा, मिनिटाला १५ श्वास येतात. त्याला अजपा म्हणतात, न जपता चाललेला.

पण खरं मला सांगायचंय ते वेगळंच. 'जपणे'चा सांभाळणे हा अर्थ. जपून जा, तब्येतीला जप, लेकरासारखं जपलं. हिंदीत जपना म्हणजे फक्त नाव घेणं, ही काळजी तिथे नाही. काही जण म्हणतात हे दोन वेगळे शब्द आहेत, योगायोगानं सारखे झालेत. मला हे अजिबात पटत नाही. माझं मत असं की जी गोष्ट ओठांत सतत घोळवत राहतो ती मनातून सुटू देत नाही, सुटू द्यायची नाही म्हणून तिच्यावर लक्ष ठेवतो, आणि लक्ष ठेवणं म्हणजेच सांभाळणं, घोळवण्यापासून काळजीपर्यंत सरळ रस्ता आहे. तदर्थभावनम् मराठीनं क्रियापदातच घालून ठेवलंय.

माझी आजी संध्याकाळी दाराशी बसायची, उजवा हात गोमुखीत, म्हणजे जपमाळेच्या कापडी पिशवीत, ओठ हलतायत पण आवाज नाही. मी चप्पल घालून निघालो की गोमुखीतला हात थांबायचा, तो मणी तसाच चिमटीत, "जपून जा रे", आणि परत मणी पुढे. एकाच तोंडात दोन्ही जपणं, मध्ये श्वासाइतकंही अंतर नाही. हे दोन वेगळे शब्द आहेत हे मी कसं मानू?

हां, तर तुमचा ग्रुपवरचा मेसेज. सगळे मिळून मोठ्यानं तीनदा ओम म्हणत असाल तर लिहा "६ वाजता ओंकार", आपल्याकडे तसंच म्हणतात. श्लोक म्हणत असाल तर पठण. आणि ओठांतल्या ओठांत किंवा मनातल्या मनात म्हणणार असाल तरच जप.