लॅपटॉपवरचा फोटोंचा फोल्डर आणि हार्ड डिस्कवरची त्याची कॉपी अगदी सारखी आहे, हे डिलीट करण्याआधी कसं तपासायचं?

प्रॉपर्टीज उघडून फाइलींची संख्या आणि साइझ जुळवायची, हेच तुम्ही करताय ना? मीही बरीच वर्षं तेच केलं. मग भावाच्या लग्नाचे फोटो कॉपी करताना मधेच केबल निसटली. पुन्हा जोडली, आधी गेलेल्या फाइली स्किप केल्या, बाकीच्या टाकल्या. संख्या तीच, साइझ बाइटपर्यंत तीच. मूळ फोल्डर उडवला. दोन महिन्यांनी मंगलाष्टकांचा फोटो उघडला तर वर मुंडावळ्या स्वच्छ आणि अंतरपाटाखाली नुसता करडा पट्टा! विंडोज कॉपी करताना नव्या फाइलीची जागा आधी आखून घेतं आणि मग भरतं, म्हणून अर्धवट फाइलही आकाराने पूर्ण दिसू शकते. नशीब, फोटोग्राफरकडे मूळ फोटो होते.

तेव्हापासून विनमर्ज हे फाइली-फोल्डर जुळवून बघणारं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे. दोन्ही फोल्डर निवडायचे, सबफोल्डरच्या चौकोनात टिक करायची आणि कंपेअर. एकाच बाजूला असलेल्या, वेगळ्या आणि सारख्या फाइलींची यादी येते. व्ह्यू मेनूतून सारख्या लपवा, म्हणजे बघण्यासारख्या मोजक्याच उरतात.

खरी मेख कंपेअरच्या पद्धतीत आहे. नुसती साइझ बघणारी पद्धत झटपट होते, पण माझा तो फोटो तिने बिनदिक्कत पास केला असता. डिलीट करणार असाल तर सेटिंगमध्ये फुल कंटेंट्स किंवा बायनरी कंटेंट्सच निवडा. प्रत्येक फाइल दोन्हीकडून पूर्ण वाचली जाते, त्यामुळे वेळ लागतो. सेकंदाला १०० एमबी वाचणाऱ्या डिस्कवर १२० जीबी म्हणजे वीस मिनिटं धरा. चहा टाका तोवर.

उलटा घोळही होतो. एफएटी ३२ (फाइली साठवण्याची एक जुनी पद्धत) वाला पेनड्राइव्ह असेल तर तो वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यांतच नोंदवतो, आणि तारखेने तपासलं की सारख्याच फाइली वेगळ्या दिसतात. तीन सेकंदांपर्यंतचा फरक सोडून द्यायची सोय विनमर्जमध्ये आहे. ‘थम्ब्स डॉट डीबी’ किंवा ‘डेस्कटॉप डॉट आयएनआय’ जास्तीची दिसली तर दुर्लक्ष करा, त्या विंडोजच्याच.

आणि मूळ फोल्डर कायम डावीकडेच घ्या. उजवीकडून डावीकडे कॉपी करून चांगल्या फाइलीवर खराब फाइल चढवायचा पराक्रमही मी करून बसलोय.